गिंपमध्ये हिवाळी पर्णचक्र: डहाळ्या फिरवाव्यात, उजेड फिरवू नये

नाताळाच्या शुभेच्छापत्रासाठी मी गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिले पर्णचक्र, म्हणजे दारावर टांगतात ते डहाळ्यांचे गोल कडे, तयार केले, तेव्हा एकच डहाळी मन लावून रंगवली, तिच्यावर उजेड आणि सावली व्यवस्थित दिली आणि तिच्या २४ प्रती पंधरा-पंधरा अंशांनी फिरवून वर्तुळात मांडल्या. काम लवकर संपले आणि पडद्यावर ते नीटनेटकेही दिसत होते. पण छापून हातात आल्यावर ते झाडाच्या फांद्यांचे न वाटता नक्षी कोरलेल्या बांगडीसारखे वाटले. गोम कुठे आहे हे उमगायला बराच वेळ लागला. डहाळीबरोबर तिच्यावरचा उजेडही फिरला होता. वरच्या डहाळीवर तो डावीकडून वरून येत होता, तर तीच डहाळी चक्राच्या तळाशी पोचल्यावर तो उजवीकडून खालून येत होता. खऱ्या दारावर टांगलेल्या चक्रावर उजेड एकाच दिशेने पडतो आणि हिमही एकाच दिशेने, म्हणजे वरून खाली, पडते. या लेखात सांगितलेली सारी पद्धत या एका गोष्टीभोवती उभी आहे: डहाळ्या आधी सपाट रंगात करून फिरवून मांडायच्या आणि उजेड, सावली व हिम हे चक्र पूर्ण झाल्यावरच द्यायचे.

इंग्रजीत ज्याला रीथ म्हणतात त्याला मराठीत रूढ शब्द पुष्पचक्र आहे, पण तो उच्चारला की स्मारकावर वाहिलेली आदरांजली डोळ्यांसमोर येते, आणि सणाच्या शुभेच्छापत्रावर तो नको वाटतो. तोरण चौकटीवर आडवे बांधले जाते, म्हणून तोही शब्द इथे बसत नाही. त्यामुळे पुढे सर्वत्र मी पर्णचक्र किंवा नुसते चक्र असे म्हटले आहे.

पर्णचक्राचे दोन प्रकार ध्यानात घेऊनच आराखडा ठरवावा. एक दारावर उभे टांगलेले आणि दुसरे मेजावर आडवे ठेवलेले. मेजावरच्या प्रकारात नाताळापूर्वीच्या चार रविवारांसाठी मेणबत्त्या असतात. हॅम्बुर्गमध्ये अनाथ मुलांसाठी संस्था चालवणाऱ्या योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ साली गाडीच्या चाकावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या, तिथून ही प्रथा पुढे पसरली. मेणबत्त्यांचे चक्र समोरून गोल काढले तर ज्योती प्रेक्षकाच्या डोळ्यांकडे रोखल्यासारख्या दिसतात, म्हणून ते तिरप्या कोनातून, लंबगोल काढावे लागते आणि ते काम अवघड आहे. पहिल्या प्रयत्नासाठी दारावरचे, मेणबत्त्यांविना चक्रच घ्यावे.

साधन आणि मापे

मी गिंप हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरतो. पुढील कृती २.१० या आवृत्तीत करता येते आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीतही करता येते. मेनूंतील काही जागा थोड्या बदललेल्या दिसतील, इतकेच. माउस पुरतो. पेन टॅब्लेट असल्यास हिमाचे काम सोपे जाते, पण त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

नवीन चित्राची रुंदी आणि उंची प्रत्येकी ३००० पिक्सेल ठेवावी, रिझोल्यूशन ३०० द्यावे आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून फिल विथ या ठिकाणी ट्रान्सपरन्सी निवडावे. या मापात छपाईत सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंतचे चक्र स्वच्छ उमटते, म्हणजे ए-५ आकाराच्या पत्राला ते पुरून उरते.

आता मापांचा हिशेब. हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि मग बोरे लिंबाएवढी व सुया गवताएवढ्या होतात. दारावरच्या मध्यम चक्राचा बाहेरचा व्यास ४५ सेंटिमीटर धरू आणि तो आपल्या चित्रात २४०० पिक्सेलमध्ये बसवू. म्हणजे एक सेंटिमीटर साधारण ५३ पिक्सेलचा झाला. फर झाडाची सुई दोन ते तीन सेंटिमीटर लांब असते, म्हणून ती सुमारे १३० पिक्सेलची. तिची रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे १० पिक्सेल. होलीच्या झुडपाचे लाल फळ आठ मिलिमीटर धरले तर ४२ पिक्सेल. पाइनचा पाच सेंटिमीटरचा शंकू २६५ पिक्सेल. डहाळीची लांबी १५ सेंटिमीटर, म्हणजे ८०० पिक्सेल. चक्राच्या कड्याची जाडी १२ सेंटिमीटर ठेवली तर ती ६४० पिक्सेल होते आणि मधली पोकळी ११२० पिक्सेल व्यासाची उरते. हे आकडे एका कागदावर लिहून संगणकाशेजारी ठेवावेत.

इमेज मेनूतील गाइड्समधून ५० टक्क्यांवर एक आडवी आणि एक उभी मार्गरेषा घ्यावी. त्यांच्या छेदाभोवती २४००, ११२० आणि १७६० पिक्सेल व्यासाची तीन वर्तुळे एका स्वतंत्र लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, बारीक रेघेने काढावीत. पहिली दोन कड्याच्या सीमा दाखवतात, तर तिसरे कड्याच्या मधोमध जाते. हा लेयर शेवटी काढून टाकायचा आहे, म्हणून त्याला आताच ‘आराखडा’ असे नाव देऊन कुलूप लावावे.

सुई आणि डहाळी

कोणते झाड काढायचे हे आधी ठरवावे, कारण सगळ्या सुया सारख्या नसतात. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्यात उगवतात. हिमालयातल्या चिडाच्या तर तीन-तीनच असतात. स्प्रूसची सुई चौकोनी काडीसारखी असून ती फांदीभोवती सर्व बाजूंनी निघते. फरची सुई चपटी असते, एकेक निघते आणि सावलीतल्या फांद्यांवर ती भांगासारखी दोन बाजूंना विभागलेली दिसते. आपल्या कामासाठी फर सोयीची, कारण दोन बाजूंना विभागलेल्या सुया एका ब्रशने उमटवता येतात. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात नाताळाला सुरूचे झाड सजवले जाते, पण सुरूची डहाळी समोर ठेवून फर काढू नये. सुरूचे जे बारीक हिरवे धागे आपल्याला पाने वाटतात ते खरे तर सांधे असलेले कोंब असतात आणि ते खाली लोंबतात. फरच्या सुया ताठ असतात.

ब्रशसाठी २६० बाय २६० पिक्सेलचे वेगळे चित्र घ्यावे, पार्श्वभूमी पांढरी ठेवावी आणि इमेज मेनूतील मोडमधून ते ग्रेस्केल करावे. आता या चित्राच्या बरोबर मध्यबिंदूपासून निघणाऱ्या दोन सुया काळ्या रंगाने काढायच्या: एक उजवीकडे वर, दुसरी उजवीकडे खाली, दोहोंमध्ये साधारण ८० अंशांचे अंतर. फ्री सिलेक्ट टूलने सुईचा आकार आखून काळा रंग भरला की पुरे; सुई मुळाशी किंचित अरुंद, मध्ये रुंद आणि टोकाला बोथट असावी. सुयांचे मूळ मध्यबिंदूवर असणे महत्त्वाचे आहे. गिंपमध्ये ब्रश आपल्या मध्याभोवती फिरतो आणि क्लिक केलेल्या जागी मध्य येतो. त्यामुळे मूळ मध्यावर असले की सुया काडीलाच चिकटून उगवतात. ते सरकलेले असले तर त्या काडीशेजारी हवेत तरंगतात, आणि असे का होते हे कळायला माझी एक संध्याकाळ गेली होती.

हे चित्र एक्सपोर्ट ॲज वापरून जीबीआर या प्रकारात, आपल्या ब्रशांच्या फोल्डरमध्ये ठेवावे. फोल्डरचा पत्ता प्रेफरन्सेसमधील फोल्डर्स या भागात सापडतो. ब्रशांच्या पॅनेलमध्ये रिफ्रेश केले की नवा ब्रश यादीत येतो. तो करड्या छटांचा असल्यामुळे आपण निवडलेल्या कोणत्याही रंगात उमटतो.

डहाळीसाठी पुन्हा वेगळे, पारदर्शक चित्र घ्यावे, १२०० बाय ८०० पिक्सेलचे. पाथ्स टूलने डावीकडून उजवीकडे जाणारी, किंचित कमानदार, ८०० पिक्सेल लांबीची रेषा काढावी. तिच्यातून दोन्ही बाजूंना तिरप्या निघणाऱ्या दोन-तीन आखूड रेषा वेगळ्या पाथ म्हणून काढाव्यात. आधी काडी: १४ पिक्सेलचा साधा ब्रश, तपकिरी रंग आणि एडिट मेनूतील स्ट्रोक पाथ. त्यानंतर सुया. पेंटब्रश टूल निवडून आपला ब्रश घ्यावा, डायनॅमिक्समध्ये ट्रॅक डायरेक्शन निवडावे, स्पेसिंग, म्हणजे दोन ठशांमधले अंतर, ७ ते ८ टक्के ठेवावे, ॲप्लाय जिटर चालू करून त्याची मात्रा अगदी कमी ठेवावी. मग स्ट्रोक पाथच्या खिडकीत पेंट टूलने रेघ मारण्याचा पर्याय निवडून एम्युलेट ब्रश डायनॅमिक्सवर खूण करावी. सुया वाटेच्या दिशेने वळत उमटतात आणि क्षणात डहाळी तयार होते. त्या आडव्या किंवा उलट्या उमटल्यास टूल ऑप्शन्समधील अँगल ९० किंवा १८० अंशांनी बदलून पाहावा.

हीच कृती तीन रंगांत, तीन लेयरांवर करावी. रंगांच्या खिडकीत ० ते २५५ ही मोजणी निवडून लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे द्यावेत: सर्वांत खाली गडद (२८, ५८, ४०), त्यावर मध्यम (४७, ९२, ५८) आणि सर्वांत वर उजळ (१०४, १४६, ९८). उजळ लेयरसाठी स्पेसिंग दुप्पट करावे, म्हणजे उजळ सुया विरळ येतील. यात कुठेही एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद असे करायचे नाही. तीन रंग फक्त सुयांची दाटी दाखवतात, उजेडाची दिशा दाखवत नाहीत, आणि म्हणूनच ही डहाळी कितीही फिरवली तरी चालते.

यंत्राने केलेली डहाळी अजून फार शिस्तीत दिसते. इरेझरने सात-आठ सुया मधून उडवाव्यात, चार-पाच हाताने वेड्यावाकड्या घालाव्यात, टोकाशी सुयांचा छोटा झुबका करावा. मग तिन्ही लेयर एकत्र करून साठवावे आणि याच रीतीने आणखी दोन डहाळ्या कराव्यात, एक जास्त वाकलेली आणि एक आखूड. तीन डहाळ्या पुरतात. दोन असल्या तर डोळा त्यांची पुनरावृत्ती पकडतो. पाच केल्या तर मेहनत वाढते आणि फरक कोणाला दिसत नाही.

चक्राची बांधणी

खरे पर्णचक्र बांधताना कारागीर एक जुडी तारेने कड्याला बांधतो, तिच्या उघड्या देठांवर पुढच्या जुडीचे शेंडे येतील अशी ती ठेवतो आणि अशा रीतीने एकाच दिशेने सरकत जातो. सर्व शेंडे एकाच दिशेला असतात. आपणही तसेच करायचे.

पहिली डहाळी मुख्य चित्रात आणून तिचा मध्य वरच्या बाजूला, मधल्या वर्तुळावर येईल अशी ठेवावी. शेंडा उजवीकडे आणि थोडा बाहेर झुकलेला. हा मूळ लेयर जपून ठेवावा. त्याची प्रत काढून रोटेट टूल घ्यावे, क्लिपिंग ॲडजस्टवर ठेवावे, नाहीतर डहाळीचे टोक कापले जाते. खिडकीत सेंटर एक्स आणि सेंटर वाय या दोन्ही ठिकाणी १५०० लिहावे, म्हणजे डहाळी स्वतःभोवती न फिरता चक्राच्या मध्याभोवती फिरेल. कोन उणे १८ द्यावा. पुढच्या प्रतीला उणे ३६, मग उणे ५४. कोन उणे १८० च्या पलीकडे लिहिता येत नाही, म्हणून तिथून पुढे १६२, १४४ असे अधिक कोन द्यावेत. २० डहाळ्यांत फेरी पूर्ण होते.

प्रत्येक वेळी मूळ लेयरचीच प्रत फिरवावी, आधीच फिरवलेल्या प्रतीची प्रत फिरवू नये. दर फिरवणीत गिंपला पिक्सेल नव्याने मांडावे लागतात आणि चित्र किंचित मऊ होते. विसाव्या डहाळीपर्यंत सुया पुसट होतात, हे शंभर टक्के आकारात पाहिले की लगेच कळते. इंटरपोलेशनमध्ये नोहेलो हा पर्याय निवडावा.

कोन अगदी नेमके १८ ठेवू नयेत. कधी १५, कधी २१ घ्यावा; बेरीज ३६० च्या आसपास आली म्हणजे झाले. तीन प्रकारच्या डहाळ्या क्रमाने न लावता मिसळाव्यात, काही आत झुकवाव्यात, काही फ्लिप टूलने शेंडा त्याच दिशेला ठेवून वरखाली उलटाव्यात.

फेरी पूर्ण होताना एक अडचण येते आणि ती लेयर वापरणाऱ्या प्रत्येकाला येते. दुसरी डहाळी पहिलीच्या देठावर, तिसरी दुसरीच्या देठावर, असे करत शेवटची डहाळी सर्वांत वरच्या लेयरवर असते. पण तिचे देठ मात्र पहिल्या डहाळीच्या शेंड्याखाली जायला हवे, आणि पहिली तर सर्वांत खाली आहे. तसेच सोडले तर त्या जागी एक तुटकी रेघ दिसते. उपाय असा, की पहिल्या डहाळीच्या लेयरची प्रत काढून ती सर्वांत वर न्यावी, तिला पांढरा लेयर मास्क जोडावा आणि मास्कवर काळ्या रंगाने तिचा देठाकडचा भाग झाकून केवळ शेंडा उघडा ठेवावा. शेंडा आता शेवटच्या डहाळीच्या देठावर येतो आणि साखळी जुळते. दुसरा सोपा मार्ग म्हणजे नेमकी तिथेच फीत बांधणे.

ही पहिली फेरी ‘मागची’ या नावाच्या लेयर ग्रुपमध्ये ठेवावी, त्या ग्रुपचा एकच लेयर करून घ्यावा आणि कलर्स मेनूतून तिची उजळपणाची पातळी थोडी उतरवावी. त्यावर ‘मधली’ फेरी १६ ते १७ डहाळ्यांची आणि त्यावर ‘पुढची’ फक्त ९ ते १० डहाळ्यांची करावी. पुढच्या फेरीत मुद्दाम रिकाम्या जागा सोडाव्यात, कारण खालचा गडद रंग त्यातून दिसला तरच कड्याला खोली येते. प्रत्येक फेरी झाल्यावर असा एकच लेयर करण्याआधी फाइलची वेगळी प्रत ठेवावी.

उजेड

आता उजेडाची दिशा ठरवायची: डावीकडून वरून. सपाट थाळीवर असा उजेड पडला तर वरची डावी बाजू उजळ आणि खालची उजवी बाजू गडद असे सरळ गणित असते. पर्णचक्र मात्र गोल नळीचे कडे आहे. त्याची बाहेरची वरची डावी बाजू उजेडाकडे तोंड करून असते, तशीच खालच्या उजव्या भागातली आतली बाजूही असते. उलट, वरच्या डाव्या भागाची आतली कड आणि खालच्या उजव्या भागाची बाहेरची कड सावलीत जाते. घरात एखादे कडे किंवा चकली असेल तर ती खिडकीपाशी धरून पाहावी. पाच सेकंदांत खात्री पटते. चकलीच उत्तम, कारण तिच्यावर काटेही असतात.

तिन्ही ग्रुपच्या वर एक नवा पारदर्शक लेयर घेऊन त्याचा मोड सॉफ्ट लाइट करावा. चक्राबाहेर रंग जाऊ नये म्हणून, ‘मागची’ फेरीच्या लेयरवर उजवी क्लिक करून अल्फा टू सिलेक्शन करावे, म्हणजे त्यावरचा रंगवलेला भाग तेवढा निवडला जातो, आणि बाकीच्या दोन फेऱ्या सिलेक्शनमध्ये मिळवाव्यात. मग ४०० पिक्सेलचा मऊ ब्रश, अपारदर्शकता १५ टक्के, आणि पिवळसर पांढऱ्या रंगाने उजळ बाजूंवर पुन्हा पुन्हा हलका हात फिरवावा. सावलीच्या बाजूंसाठी गडद निळा वापरावा. काळा वापरल्यास हिरवा रंग मळकट होतो.

फेऱ्या एकमेकींपासून वेगळ्या दिसाव्यात म्हणून फिल्टर्स मेनूतील लाइट अँड शॅडोमधून ‘मधली’ आणि ‘पुढची’ या दोघींना ड्रॉप शॅडो द्यावी: एक्स ६, वाय ९, ब्लर १०. सावली उजवीकडे खाली पडते, म्हणजे उजेडाच्या दिशेशी जुळते. डहाळ्या फिरवण्याआधी ही सावली दिली असती तर ती प्रत्येक डहाळीसोबत गरगर फिरली असती.

शंकू, फळे आणि फीत

चक्रावर फरचे शंकू लावू नयेत. फरचा शंकू फांदीवर उभा वाढतो आणि पिकल्यावर झाडावरच खवल्या-खवल्यांनी सुटा होतो, त्यामुळे अख्खा शंकू वेचून मिळत नाही. चक्रांवर जे दिसतात ते बहुधा पाइनचे किंवा स्प्रूसचे. काढताना शेंड्याकडून देठाकडे यावे. शंकूचे प्रत्येक खवले शेंड्याकडे झुकलेले असते आणि त्याचे टोक वरच्या खवल्याचे मूळ झाकते, म्हणून शेंड्याचे खवले आधी, त्यावर खालची ओळ, त्यावर आणखी खालची, असे रचत गेले की झाकण्याचा क्रम आपोआप बरोबर येतो. पाइनच्या शंकूवर दोन दिशांना जाणाऱ्या सर्पिल ओळी असतात आणि त्यांची संख्या बऱ्याचदा ८ आणि १३ निघते. त्या मोजून काढण्याची गरज नाही, पण खवली विटांसारखी आडव्या रांगेत न लावता तिरप्या ओळीत लावावीत. शंकू वेगवेगळ्या दिशांना वळवायचे असतील तर तेही सपाट रंगात करून, जागेवर ठेवल्यावरच छायांकित करावेत.

फळांचे उलट आहे. गोल फळ कुठल्याही बाजूने सारखेच दिसते, म्हणून ते फिरवायचेच नाही आणि त्यावर उजेड आधीच देऊन ठेवता येतो. ६० पिक्सेलच्या पारदर्शक चित्रात वर्तुळ निवडून ग्रेडियंट टूलचा रेडियल प्रकार घ्यावा आणि डावीकडे वरच्या बाजूने बाहेर ओढावा: आत तेजस्वी लाल (२०४, ४४, ४४), बाहेर गडद (११०, १२, २२). वर पांढरा छोटा ठिपका. सगळे निवडून कॉपी केले की ब्रशांच्या यादीत सुरुवातीलाच ते फळ क्लिपबोर्डचा ब्रश म्हणून हजर होते. डायनॅमिक्स बंद करून आणि आकार ३६ ते ४८ च्या दरम्यान बदलत ते उमटवावे. तीन-तीन, पाच-पाचचे घोस करावेत आणि चक्रावर असे घोस पाच किंवा सात, असमान अंतरावर ठेवावेत. घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ या जागा मात्र टाळाव्यात, कारण तिथे काही ठेवले की चक्र लगेच शोभेच्या घड्याळासारखे दिसू लागते.

फितीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. दोन फासे, एक गाठ, दोन शेपट्या, असे पाच भाग पाच पाथ म्हणून काढून रंग भरावा, फाशाच्या आतला भाग गडद ठेवावा आणि गाठीपासून निघणाऱ्या चुण्या मल्टिप्लाय मोडच्या लेयरवर रंगवाव्यात. रुंदी ३२० पिक्सेलपेक्षा जास्त घेऊ नये.

हिम

हिमाचा रंग सर्वांना जमतो, जागा चुकते. हिम सगळ्या कड्यावर साखरेसारखे भुरभुरले तर ते केकवरचे आयसिंग वाटते. ते फक्त आकाशाकडे तोंड असलेल्या पृष्ठभागांवर साचते: चक्राच्या वरच्या अर्ध्या भागात बाहेरच्या कडेवर आणि खालच्या अर्ध्या भागात आतल्या कडेवर, म्हणजे पोकळीच्या तळाशी. चक्राच्या अगदी खालच्या बाहेरच्या कडेला हिम चिकटत नाही.

याची एक युक्ती आहे. ‘पुढची’ फेरी एकाच लेयरवर असताना तिच्यावर अल्फा टू सिलेक्शन करावे, नवा लेयर घेऊन त्यात निवडलेल्या भागात पांढरा रंग भरावा आणि सिलेक्ट नन करावे. या पांढऱ्या लेयरची प्रत काढून मूव्ह टूल आणि बाणाच्या कळांनी ती १४ पिक्सेल खाली सरकवावी. आता प्रतीवर अल्फा टू सिलेक्शन करून मूळ पांढऱ्या लेयरवर परत यावे आणि डिलीट दाबावे. प्रत टाकून द्यावी. उरते ती सुयांच्या झुबक्यांच्या आणि डहाळ्यांच्या वरच्या कडेची पांढरी किनार. तीन फेऱ्यांसाठी ही कृती वेगवेगळी करावी, सरकवण्याचे अंतर मागच्या फेरीसाठी ६ आणि मधल्या फेरीसाठी १० ठेवावे.

किनार फार कापल्यासारखी दिसते, म्हणून नॉइज फिल्टरांतील स्प्रेडने तिला ४-५ पिक्सेल विस्कटावे आणि मग १.५ पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्यावा. शेवटी लेयर मास्क जोडून मऊ ब्रशने तीन-चार ठिकाणचे हिम जवळजवळ पुसून टाकावे आणि पोकळीच्या तळाशी एक-दोन ठिकाणी हाताने जाड ढीग घालावेत. ढिगाच्या खालच्या बाजूला फिकट निळी छटा (१९६, २१०, २२६) दिली की त्याला वजन येते.

साठवणे आणि पाठवणे

फाइल सेव्ह करताना गिंपचा स्वतःचा एक्ससीएफ प्रकार वापरावा, म्हणजे लेयर शाबूत राहतात. इतरत्र वापरण्यासाठी ‘आराखडा’ लेयर पुसून एक्सपोर्ट ॲजमधून पीएनजी काढावी. जेपीईजीमध्ये पारदर्शकता टिकत नाही. वसईतल्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या लाल पत्रिकेसाठी मी घाईत जेपीईजी दिली होती आणि लाल कागदाच्या नक्कलप्रतीवर चक्राभोवती पांढरा चौकोन उमटला होता. नशीब, पूर्ण छपाई व्हायची होती.

दारावर पडणारी मोठी सावली, म्हणजे एक्स १८, वाय २६, ब्लर ३० अशी, मुख्य फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर ठेवावी आणि सावलीसह व सावलीविना अशा दोन पीएनजी काढाव्यात. फिकट पार्श्वभूमीवर सावली शोभते, पण गडद रंगावर तिचे अस्तित्वच जाणवत नाही, आणि छायाचित्रावर ठेवल्यास त्यातल्या उजेडाशी ती भांडते. पार्श्वभूमीच्या छायाचित्रात उजेड उजवीकडून येत असेल तर तयार चक्र आडवे उलटवून घ्यावे. मात्र ते ९० किंवा १८० अंशांनी फिरवू नये, कारण तसे केल्यास हिम बाजूने किंवा खालून पडलेले दिसेल.

छापखान्याला ३०० पिक्सेल प्रति इंचाची मूळ आकाराची फाइल द्यावी आणि शाईत हिरवा रंग पडद्यावरच्यापेक्षा मंद येतो हे गृहीत धरून एक नक्कलप्रत आधी मागावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती छायाचित्र म्हणून पाठवली की आकार घटतो आणि पारदर्शकता जाते. समोरच्याला ती पुढे वापरायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. नुसती शुभेच्छा म्हणून पाठवायची असेल तर १०८० पिक्सेलची, हलक्या करड्या पार्श्वभूमीवरची वेगळी प्रत काढावी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कडेचे हिम दिसेनासे होते.